शेजारच्या काकांचा पाय

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराला कावड येते. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायचं आणि सुमारे १८ किलोमीटर चालत आणायचं. आमच्या शेजारचे काका तरुणपणापासून अनवाणी जायचे. त्या वर्षीही गेले. वय सत्तरीला टेकलेलं, शुगर जुनी.

आठवडाभराने काकू कुंपणाशी आल्या. "यायच्या पायाचा वास येऊन राह्यला व बाई, पाहून जाय."

अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी जखम होती आणि आत एक बारीक खडा रुतलेला. काका म्हणाले, "मले तं काहीच दुखत नाही." ते ऐकूनच मला भीती वाटली.

माझे वडील परतवाड्याजवळ कोठाऱ्याला, लेप्रसी मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते. कुष्ठरोगात बोटं आपोआप सडून गळतात असं लोक समजायचे. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की आधी नसा बधिर होतात, मग जखम कळत नाही आणि माणूस तिच्यावरच चालत राहतो. शुगरच्या पायाचंही तेच आहे. वडील सांगायचे, दुखणारा पाय माणसाला घरी बसवतो, न दुखणाऱ्याची काळजी घ्या.

दुसऱ्या दिवशी काकांना सर्वोपचार रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी खडा आणि मेलेलं कातडं काढलं, एक्स-रेमध्ये हाडाला धक्का नसल्याचं पाहिलं, औषधं दिली. रोज ड्रेसिंग आणि त्या पायावर अजिबात भार नको, असं बजावलं. घरी ड्रेसिंग कोण करणार, हा प्रश्न आला. मुलगा पुण्याला. काकूंचे हात थरथरतात. मी करते म्हटलं.

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये आम्ही योहानाचा तेरावा अध्याय वाचतो. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. त्यांत त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते. वर्षानुवर्षं ऐकलेलं, तरी काकांची पट्टी पहिल्यांदा सोडली तेव्हा मला मळमळलं. काकांना ते दिसलं. त्यांनी पाय ओढून घेतला. "माया पायाले हात नोको लावू पोरी." मी परसात जाऊन तोंडावर पाणी मारलं, मनात प्रार्थना केली आणि परत येऊन बसले.

जखम सलाइनने धुवायची, गॉज ठेवून पट्टी सैलसर बांधायची. दुसरा पायही रोज बघायचा. पाणी गरम आहे का हे पायाने पाहू नका, पायाला कळत नाही, कोपर बुडवून पाहा. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. टाचेला तेल लावा, बेचक्यांत नको. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा.

सगळ्यात अवघड होतं काकांना बसवून ठेवणं. बरं वाटलं की उठून दुकानात जायचे आणि जखम पुन्हा ओली व्हायची. शेवटी काकूंनी दोन्ही चपला माझ्याकडे आणून ठेवल्या. त्याचा खरंच उपयोग झाला.

चर्चमधल्या एका बहिणीने विचारलं, काकांना येशूबद्दल सांगितलं का? मी म्हटलं, ते विचारतील तेव्हा सांगेन. आजारी माणूस आपल्या हातात असतो, तो उठून जाऊ शकत नाही. अशा वेळी त्याला धर्म ऐकवणं मला योग्य वाटत नाही.

दिवाळीच्या सुमारास काकांनी आपणहून विचारलं, "तू हे काहून करतं?" मी वडिलांचं आणि त्या रुमालाचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुया वडलायले चांगलं काम करता येत होतं."

जखम भरायला हिवाळा लागला. कोठाऱ्याच्या रुग्णांना मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराच्या चपला देत, तशाच काकांसाठी आणल्या. पुढच्या श्रावणात ते कावडीला चालत गेले नाहीत. मुलगा सुट्टी घेऊन आला, त्याने गाडीवर नेलं, आणि देवळात काका जाड सुती मोजे घालून गेले. परतल्यावर मुलाने मोजे काढून तळवे पाहिले. कसं पाहायचं ते मी त्याला आधीच शिकवलं होतं.