सुभगाचे सोयरे

मागच्या वीकांताला आसेगावला जाऊन आलो. आमचं आसेगाव वाशीम जिल्ह्यातलं, पुण्याहून रात्रभराचा प्रवास. बाबा गेल्यापासून त्यांचं कपाट आवरायचं राहिलं होतं. आईचा फोन आला, "बाप्पू, आतातरी ये."

कपाटात त्यांची पक्ष्यांची वही सापडली. १९८७ सालची एक नोंद: 'सुभग. अंगणातल्या लिंबावर जोडी. पर्णपक्ष्याचा चुलतभाऊ.'

सुभग म्हणजे कॉमन आयोरा. चिमणीहून लहान, पिवळा-हिरवा, पंखांवर दोन पांढरे पट्टे. पानापानांतून अळ्या, किडे, कोळी टिपत फिरतो. दिसतो कमी, शीळच जास्त ऐकू येते. ती शीळ मला बाबांनी शिकवली, आणि हे 'चुलतभाऊ' प्रकरणही. ट्रेकला मी ते कित्येकांना ऐकवलंय!

तर मंडळी, ते चूक आहे.

म्हणजे बाबांचं एकट्याचं नव्हे. १७५८ साली लिनियसने सुभगाला चक्क धोबी पक्ष्यांच्या प्रजातीत टाकलं होतं. पुढे सलीम अली आणि रिप्ले यांच्या दहा खंडांतही सुभग आणि पर्णपक्षी एकाच कुलात. दोघे हिरवे, दोघे झाडाच्या शेंड्यात, त्यामुळे कुणालाही पटावं असंच. नंतर डीएनए तपासला गेला आणि घराणीच वेगळी निघाली. पर्णपक्षी गेले सूर्यपक्ष्यांच्या बाजूला. सुभगाचे खरे सोयरे म्हणजे आफ्रिकेतले बुशश्राइक आणि मादागास्करचे व्हँगा! आता सुभगांचं कुल स्वतंत्र आहे, एजिथिनिडी. त्यात प्रजाती एकच आणि जाती फक्त चार.

पेन घेऊन बसलो खरा, पण हात चालेना. हापिसात दुसऱ्याचा जुना कोड बिनधास्त उडवतो मी. इथे मात्र लिहिणारा वाद घालायला उरलेला नाही. बाबा असते तर तासभर भांडले असते, मग गुपचूप जाऊन पुस्तक उघडलं असतं.

शेवटी काही खोडलं नाही. खाली तारीख टाकून एक ओळ लिहिली: 'चुलतभाऊ नाही. डीएनएवरून वेगळं कुल.'

आईने चष्मा लावून वाचलं. "म्हणजे इतकी वर्षं परक्यालाच भाऊ म्हणत होते का हे?"

"सगळेच म्हणत होते गं."

"मग राहू दे," ती म्हणाली, "दोन्ही राहू दे."

असो. वही आता माझ्याकडे आहे. पुढची नोंद मला करायची आहे.