हाताला पेलणारे सूर

५ जून

पियानोच्या पाचव्या ग्रेडची परीक्षा आटोपली. पुढे काय वाजवायचं, हे आता माझं मला ठरवायचंय आणि ओढ आहे ती रोमँटिक काळाची. दुकानात 'सोप्या रूपांतरांचं' एक पुस्तक चाळलं आणि परत ठेवलं. शोपाँच्या नॉक्टर्नमधली डाव्या हाताची साथ छाटून टाकली, की चाल तेवढी उरते, शोपाँ उरत नाही. म्हणून संगीतकाराने स्वतःच छोटं लिहिलेलं शोधायचं. तसं भरपूर आहे.

८ जून

शुमानचा तरुणांसाठीचा अल्बम, ऑपस ६८. थोरली लेक मारी हिच्या सातव्या वाढदिवसासाठी १८४८ मध्ये त्याने काही रचना केल्या आणि त्यातून ४३ रचनांचा हा संग्रह झाला. पहिल्या १८ लहानांसाठी, बाकीच्या जरा मोठ्यांसाठी. 'आनंदी शेतकरी' सगळेच वाजवतात. मी २८वी उघडली: 'स्मरण'. शीर्षकातच ४ नोव्हेंबर १८४७ ही तारीख आहे, मेंडेल्सनच्या मृत्यूची. मित्र गेल्याचं दुःख, आणि तरी रचना ए मेजरमध्ये. किती शांत, किती कृतज्ञ शोक!

१४ जून

शोपाँचा ई मायनर प्रेल्यूड, ऑपस २८ मधला चौथा. अवघे २५ बार. सुरुवातीला उजव्या हाताला फारसं काम दिसत नाही: लांबलेला बी, ओझरता सी, पुन्हा बी. सगळं घडतं ते डाव्या हातात. जी-बी-ई ही पहिली कॉर्ड संथपणे वाजत राहते आणि मग तिच्यातला कधी हा, कधी तो स्वर अर्ध्या सुराने खाली सरकतो. मॅडम म्हणाल्या, "कॉर्ड बडवू नकोस. बोटं कळांवरून उचलूच नकोस आणि जे बोट सरकतंय तेवढंच ऐक." उजवा हात मांडीवर ठेवून फक्त डावा वाजवला. अंधाऱ्या जिन्यावरून कुणीतरी एकेक पायरी चाचपत उतरतंय असं वाटलं. कॉर्ड बदलली की पेडलही बदलायचं, नाहीतर सगळे स्वर एकमेकांत कालवले जातात.

१८४९ मध्ये पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपाँच्या अंत्यविधीला हाच प्रेल्यूड ऑर्गनवर वाजवला गेला.

२१ जून

त्याच संचातला सातवा, ए मेजर. १६ बार, मझुर्काच्या ठेक्यातला. बाराव्या बारमधली रुंद कॉर्ड लहान हातात मावत नाही. ती खालून वर उलगडत वाजवायची. विसावा, सी मायनर, १३ बारांचा. त्यातल्या भारदस्त कॉर्डमध्ये सगळ्यात वरचा स्वर उठून यायला हवा, म्हणजे वजन करंगळीवर. नोटेशन दिसायला सोपं आहे, पण आवाजाचा हा तोल साधायला वेळ लागतो.

२८ जून

ग्रीगचे 'लिरिक पीसेस': १० पुस्तकं, ६६ रचना. पहिलं पुस्तक १८६७ चं, शेवटचं १९०१ चं. आरंभीची 'आरिएटा' आज वाचली. वर चाल, खाली बास आणि मधले झुळझुळते स्वर दोन्ही हातांनी वाटून घ्यायचे. हात बदलला तरी मधला प्रवाह तुटता कामा नये. हीच चाल ग्रीगने संचाच्या शेवटच्या रचनेत वॉल्ट्झच्या रूपात पुन्हा आणली. संच असा, की आपला हात तयार होत जाईल तशी त्यातून पुढची रचना निवडता येते.

५ जुलै

वहीत क्रम लिहून ठेवला. आधी चायकोव्स्कीच्या १८७८ च्या बाल-अल्बममधलं 'जुनं फ्रेंच गाणं', मग 'स्मरण', मग 'आरिएटा', शेवटी ई मायनर प्रेल्यूड.

माझ्यासारखं मधल्या टप्प्यावर कुणी असेल, तर त्यांना एवढंच सांगणं: छाटलेल्या मोठ्या रचनांच्या मागे लागू नका. या चारही संगीतकारांच्या मूळ छोट्या रचना आता कॉपीराइटमुक्त आहेत, नोटेशन फुकट मिळतं. त्यातली एक निवडा आणि पहिला आठवडा फक्त डावा हात वाजवा.