दूध बघणारे अण्णा

ऐंशीच्या दशकात कांदिवलीच्या दहाणूकरवाडीतल्या आमच्या चाळीत 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य रोज कुणीतरी कुणाला तरी ऐकवायचंच. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, म्हणजे चेष्टाही तशी जुनीच. शेजारचे अण्णा मात्र खरोखर तिथे राहून आले होते.

आरेच्या दुधाच्या बाटल्यांची चंदेरी बुचं नखाने सपाट करत ते गॅलरीत बसायचे, मधूनच भिंतीशी भांडायचे. कुणी दचकत नसे. "अण्णा, दूध बघा हं," असं सांगून बायका खुशाल नळावर जात आणि अण्णांनी कधी दूध उतू जाऊ दिलं नाही.

पण उपचारांच्या नावाने आनंदच होता. आधी अंगारे, मग एक बाबा, मग 'लग्न करून द्या, ताळ्यावर येईल.' लग्न जमलं नाही, एक मुलगी वाचली. एका खाजगी दवाखान्यात भूल न देताच शॉक दिले. लार्गॅक्टिलच्या गोळ्यांनी कानातले आवाज कमी झाले, पण तोंडाला कोरड आणि दिवसभर पेंग. कायदा तेव्हा १९१२ चा, वेडाच्या नावानेच ओळखला जाणारा. डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणत, बायपोलर म्हणत. 'वेडा' हे निदान नव्हतंच. कोर्टाला तर आजही एवढंच बघायचं असतं, की गुन्हा करताना आपण काय करतोय आणि ते चूक आहे, हे माणसाला कळत होतं का.

आता २०१७ च्या कायद्याने बिनभुलीचा शॉक बंद झाला, आपल्यावर कोणते उपचार नकोत हे रुग्णाला आधीच लिहून ठेवता येतं. १४४१६ हा हेल्पलाइनचा नंबर फिरवला की समुपदेशक मराठीत बोलतो. बोरिवलीच्या डॉ. भरत वाटवानींनी रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवलं, २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. त्या बाबतीत जुने दिवस मला अजिबात परत नकोत.

चाळीच्या जागी टॉवर आलाय. वरच्या मजल्यावरच्या एका मुलाला अण्णांचाच आजार आहे. औषधं उत्तम लागू पडलीत. भास नाहीत, वजन तेवढं वाढलंय. डॉक्टर म्हणतात, आता रोज चार तास काहीतरी काम द्या. त्याच्या आईने सोसायटीत विचारलं, टँकरची आणि पंपाची वही लिहील का तो? कमिटीने विषय मीटिंगमध्ये घेतला. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची, यावर तासभर चर्चा झाली आणि विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला.