इंटरमीजिएट पास

‘इंटरमीजिएट’ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मला चित्रकलेची परीक्षा! आधी एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट. युनिफॉर्मवर वॉटर कलरचे डाग आणि ‘ग्रेड आली तर दहावीला उपयोग होईल’ हे आईचं गणित. पुढे कॉलेज, नोकरी, मग फ्रीलान्सिंग... या सगळ्यात हा शब्द पार विसरून गेले होते. तो परत भेटला थेट कॅनडात, व्हिसलर नावाच्या थंड हवेच्या गावात. तिथे इंटरमीजिएट म्हणजे जंगलातल्या पाटीवरचा एक निळा चौकोन. सायकलवाल्यांसाठी.

व्हिसलर व्हँकुव्हरच्या उत्तरेला साधारण १२० किलोमीटरवर. निम्मा रस्ता एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर, एकदम भन्नाट. २०१० च्या विंटर ऑलिम्पिक्समधलं बरंचसं स्कीइंग इथे झालं. पण बर्फ वितळलं की त्याच लिफ्ट माणसांबरोबर सायकलीही वर नेतात. इथलं बाइक पार्क १९९९ पासून चालू आहे. महाबळेश्वरला लोक स्ट्रॉबेरी-क्रीमच्या रांगेत असतात, इथे गुडघ्याला पॅड बांधून, चिखलाने माखून कॉफीच्या रांगेत असतात. कोणी वळूनही बघत नाही!

मी गेले होते मावसभावाकडे. दादा व्हँकुव्हरला आयटीत आहे. उन्हाळ्यातल्या जवळजवळ प्रत्येक वीकेंडला गाडीमागे सायकली अडकवून तो आणि वहिनी व्हिसलर गाठतात. “चल, तुला ब्लूवर नेतो,” तो म्हणाला.

“दादा, मी सायकल सोडलीय.”

खरंच सोडली होती. दोन वर्षांपूर्वी आमचा ग्रुप पाचगणीच्या पठाराखालच्या एका पायवाटेवर गेला होता. महिन्याभरापूर्वी तीच वाट आम्ही मस्त उतरलो होतो. या वेळी एका वळणापलीकडे पाइपसाठी आडवा चर खणलेला. ना दगड लावलेला, ना लाल फडकं. पुढचं चाक आत गेलं आणि मी हँडलवरून पलीकडे. कॉलरबोन फ्रॅक्चर, सहा आठवडे हात गळ्यात. हाड जुळलं, फिजिओ संपली. सायकल मात्र बाल्कनीत गेली ती गेलीच, हळूहळू तिच्यावर टॉवेल वाळू लागले. दुखण्याची भीती नव्हती हो. वळणापलीकडे काय असेल, ही भीती होती. स्कूटीवरून रोजच्या गल्लीत वळतानासुद्धा.

दादाने वाद घातला नाही. पार्किंगमध्ये उभं करून त्याने मला पाट्या वाचायला शिकवल्या. स्कीइंगमधूनच आलेली पद्धत आहे ही. हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मधला, काळा हिरा अवघड आणि दोन काळे हिरे म्हणजे देवाचं नाव घ्या. यामागे मापं असतात हे मला माहीतच नव्हतं. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनच्या निकषांप्रमाणे निळी वाट निदान २४ इंच रुंद, सरासरी उतार १० टक्क्यांपर्यंत, आणि जो अडथळा टाळताच येत नाही, तो आठ इंचांपेक्षा उंच नको. हिरव्या वाटेवर हाच अडथळा दोन इंचांचा. व्हिसलरच्या नगरपालिकेने तर २००३ मध्ये ट्रेल्ससाठी स्वतःचे नियम काढले. तरी व्हिसलरचा ब्लू दुसरीकडच्या ब्लूपेक्षा तिखट, असं तिथले लोक कॉलर ताठ करून सांगतात!

आठ इंच म्हणजे आपल्या सोसायटीच्या जिन्याची एक पायरी. एका पायरीला मी घाबरणार होते का? घाबरलेच. पण ती एक पायरीच असेल, विहीर नसेल, हे आधी कळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे!

एक धोका मात्र पाटीवर नव्हता. ब्रेक! आपल्याकडे स्कूटी असो की बाइक, उजवा हात पुढचा ब्रेक दाबतो. कॅनडात सायकलला पुढचा ब्रेक डाव्या हाताला. डोंगरउतारावर गडबडून पुढचा करकचून दाबला की काय होतं, हे माझ्या कॉलरबोनला विचारा. पहिला अर्धा तास मी पार्किंगमध्येच ‘डावा पुढचा, डावा पुढचा’ पुटपुटत गोल गोल फिरले. वहिनी शांतपणे व्हिडिओ काढत होती. आमचा फॅमिली ग्रुप त्यावर आठवडाभर जगला.

सुरुवात लॉस्ट लेकच्या जंगलापासून. इथल्या ट्रेल्सना संगीतकार फ्रँक झॅपाच्या रचनांची नावं आहेत. मुळं, खडक, लाकडी पूल, पण उतार बेताचा. इथे दादाने एकच फंडा दिला, “चाकाकडे बघू नकोस. वळणातून बाहेर कुठे पडायचंय तिथे बघ. आणि ब्रेक वळणाच्या आधी मार, वळणात नको.” सीट खाली, दोन्ही पेडल समांतर, टाचा खाली, ब्रेकवर एकच बोट. अस्वलं असतात म्हणून मधूनच ओरडायचं. मी पुणेरी आवाजात ओरडत होते, त्यामुळे अस्वलांची काळजी मिटली.

दुपारी बाइक पार्क. लिफ्टने वर आणि ‘बी-लाइन’ने खाली. ही निळी. वळणांना बाहेरून मातीच्या भिंती असतात, त्यांना बर्म म्हणतात. सायकल तिरकी केली की भिंत तुम्हाला सावरून पुढच्या वळणाकडे सोडते. पहिल्या फेरीला मी प्रत्येक बर्मच्या आधी जवळजवळ थांबले. तिसऱ्या फेरीला एक वळण आलं, पलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि मी ब्रेक सोडला. बस्स. पलीकडे पुढचं वळण होतं. खाली आल्यावर हेल्मेटच्या आत मी रडत होते. दादाला सांगितलं, धूळ गेली.

दुसऱ्या दिवशी लिफ्टशिवाय माउंट स्प्रोट. ‘इंटू द मिस्टिक’ने चढायचं, ‘लॉर्ड ऑफ द स्क्विरल्स’ने उतरायचं. दोन्ही ब्लू. बर्फामुळे वरचा भाग साधारण जुलैत मोकळा होतो आणि ग्रिझली अस्वलांमुळे कुत्र्यांना तिथे बंदी आहे. खालून हजार मीटरच्या आसपास चढाई. निळा चौकोन दम लागण्याबद्दल काहीच सांगत नाही, ही माझी एकमेव तक्रार! वर छोटी तळी आणि समोर बर्फाची शिखरं. वहिनीचे मेथीचे पराठे तिथे खाल्ले.

उतरताना वाटेत तीन-चार जण घमेली-फावडी घेऊन काम करत होते. मला वाटलं सरकारी माणसं. पण ही वाट वोर्का या सायकलवाल्यांच्या क्लबने बांधलीय. १९८९ पासूनचा क्लब. मेंबर वर्गणी भरतात, जमेल तेव्हा स्वतः फावडं धरतात. मी थांबून विचारलं, करताय काय? त्यातल्या एकीने दाखवलं. वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली ठेवायची आणि उतारात मध्येमध्ये उलटी लाट द्यायची, म्हणजे पाणी तिथून बाजूला पडतं. पाणी वाटेवरून धावायला लागलं की एका पावसात घळ होते.

तेव्हाच पाचगणी आठवली. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. २००१ पासून हा सगळा भाग इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, त्यामुळे लिफ्ट वगैरे नकोच आणि कोणी मागूही नये. पण गुराख्यांच्या, लाकूडफाट्याच्या कितीतरी पायवाटा अगदी ‘ब्लू’ मापाच्या आहेत. अडलंय ते वळणाआधी एक पाटी लावण्यावर आणि पावसानंतर कोणीतरी फेरी मारण्यावर.

परत आल्यावर टॉवेल काढले, टायरमध्ये हवा भरली आणि त्याच वाटेवर गेले. बहुतेक ठिकाणी सायकल हातात धरून. चर बुजलाय, पण शेजारी पाण्याने नवी घळ केलीय. एक मामा म्हशी घेऊन येत होते. विचारलं, ही वाट कोणाची हो?

“कुनाची म्हंजे? आमची, म्हशींची. आता तुमची बी.” ते हसले. “पाऊस उघडला की आमी दगड लावतो. या की तवा.”

दिवाळीनंतरचा पहिला रविवार मोकळा ठेवलाय. ग्रुपमधले चौघं ‘हो’ म्हणालेत, एकाने ‘बघतो’ म्हटलंय. दादाला फोन करून त्या उलट्या लाटेचं माप तेवढं विचारायचंय.