केशरी रंगाची वेळ

सांडशीचा जबडा पाहिला की ती ज्याची होती तो लोहार दिवसभर काय घडवत असे, ते कळतं. जबडा सपाट आणि रुंद असेल तर तो पट्ट्या धरायचा, म्हणजे विळे-कोयते करायचा. आतून अर्धगोल खाच असेल तर गज आणि पहारी. माझ्याकडे एक सांडशी आहे, तिचे दांडे चांगले लांब आणि जबडा काटकोनात वळवलेला. बैलगाडीच्या चाकाची धाव उचलायला ती केलेली असावी. धाव चाकापेक्षा किंचित लहान बनवतात, गोवऱ्यांच्या रिंगणात लाल होईपर्यंत तापवतात, फुगली की चाकावर चढवतात आणि वरून पाणी ओततात. आवळत आवळत ती सगळ्या आऱ्या-पाट्या एकजीव करते. त्या जाळातून धाव ओढून काढणाऱ्याचा हात आगीपासून लांब राहावा म्हणून हे लांब दांडे. गाड्यांना रबरी टायर आले आणि या सांडशीचं काम संपलं.

ती कोणी दुकानातून आणलेली नाही. ज्याला तिची गरज होती त्यानंच ती तापवली, ठोकली, दोन पाती एकमेकांवर ठेवून मधे रिव्हेट मारली आणि मग तिला हातात घेऊन पुढचं काम केलं. सुताराचा वाकस, चांभाराची रापी, न्हाव्याचा वस्तरा, शेतकऱ्याचा फाळ, सगळं लोहाराकडून यायचं. लोहाराची हत्यारं मात्र लोहारच करायचा. बारा बलुतेदारांत हे भाग्य त्याच्याच वाट्याला आलं होतं. म्हणून त्याची जुनी हत्यारं गोळा करताना मला वाटतं, आपण त्या माणसाचे निर्णय गोळा करतोय: इथे जाड ठेवायचं, इथे वाकवायचं, इथे बोटाला जागा द्यायची.

आणि हे सगळं भंगाराच्या काट्यावर किलोनं जातं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलं तर एखादी छिन्नी, एखादा हातोडा मिळतो. माझ्या हाती बरंचसं लागलं ते विदर्भातल्या तालुक्यांच्या गावी, भंगाराच्या दुकानात, सायकलींच्या रिमांखाली. हल्ली हीच हत्यारं काळा रंग फासून हॉटेलांच्या भिंतींवर टांगलेली दिसतात. मला ते बघवत नाही. हातोड्याच्या तोंडावर रंग चढला की त्यावरची माराची खूण बुजते, आणि ती खूण हेच त्याचं चरित्र असतं.

ऐरण घेताना डोळ्यांपेक्षा कानावर विश्वास ठेवावा. वरून बेअरिंगची गोळी सोडायची. चांगल्या ऐरणीवरून ती जवळजवळ सोडली तिथवर उसळते आणि ऐरण खणखणते. आतून तडा असेल तर आवाज बसका येतो. जुन्या इंग्रजी ऐरणींच्या कुशीवर तीन आकडे कोरलेले असतात. पहिल्याला 112नं गुणायचं, दुसऱ्याला 28नं, तिसरा तसाच मिळवायचा, की वजन पौंडांत येतं. 1-2-14 म्हणजे 182 पौंड, सुमारे साडेब्याऐंशी किलो. आपल्या गावच्या लोहाराची ऐरण याहून कितीतरी लहान: लोखंडाचा चौकोनी ठोकळा, बाभळीच्या ओंडक्यात रुतवलेला, ओंडका जमिनीत. तो बसून काम करायचा, त्यामुळे भट्टी, ऐरण आणि पाण्याचं कुंड हाताच्या टप्प्यात असे. एवढ्याशा ठोकळ्यावर त्यानं गावाची शेती चालवली.

हत्यारं जमली तेव्हा भट्टी करणं भागच होतं. हत्यारं मी थंड ठेवायला आणली नव्हती. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भांडं म्हणून ट्रकचा जुना ब्रेक ड्रम बसवला. ओतीव, जाड, खोलगट, आणि मधलं भोक आयतंच. भोकावर छिद्रं पाडलेली जाड पट्टी, खाली टी आकाराचा पाइप. टीच्या आडव्या तोंडातून हवा येते. खालच्या तोंडाचं झाकण काढलं की राख पडते. पाइप काळाच घ्यावा. जस्ताचा मुलामा असलेला तापला तर पांढरा धूर सोडतो, आणि तो छातीत गेला की ताप भरतो. ड्रमला आतून चिकणमाती, वाळू आणि राखेचं लिंपण दिलं, सावलीत सावकाश वाळवलं.

हवेसाठी विजेचा ब्लोअर सोपा होता. मी हातानं फिरवायचा जुना पंखा शोधला. ओतीव घर, आत दातेरी चाकं; दांडा एकदा फिरला की पाती कितीतरी वेळा फिरतात. विजेचा पंखा लोखंड ऐरणीवर असतानाही कोळसा जाळत राहतो. हा पंखा माझ्या दंडाशी बांधलेला आहे. हात थांबला की आग दम घेते.

आग खोल हवी. तळाशी हवा येते तिथे प्राणवायू जास्त. लोखंड तिथवर खुपसलं तर त्यावर पापुद्रे धरतात, आणखी तापलं तर टोक ठिणग्या उडवत जळूनच जातं. म्हणून खाली निखाऱ्यांचा जाड थर राखायचा, लोखंड वरच्या भागात आडवं सरकवायचं आणि त्यावर पुन्हा निखारे ओढायचे. भोवतीचा कोळसा पाणी शिंपडून ओला ठेवायचा, म्हणजे आग आपल्या जागी राहते.

मी राहतो तो मुलूख कोळशाचा. वणी, बल्लारपूर, चंद्रपूर, वर्धा नदीचं सगळं खोरं जमिनीखाली काळं आहे. पण तो कोळसा वीजकेंद्रांचा. त्यात राख फार, आणि तापल्यावर तो चिकटून कोक होत नाही. लोहाराला आवडतो तो झारखंडातल्या झरियाकडचा. तो तापला की फुगतो, एकसंध होतो, धूर निघून गेला की हलका सच्छिद्र कोक उरतो आणि तो स्वच्छ जळतो. गावचे जुने लोहार लोणारी कोळसा वापरत. त्यात गंधकाचा त्रास नाही, पण तो भराभर संपतो. मधेच भट्टी मंदावली तर समजायचं, तळाला वितळलेल्या राखेचा काचेसारखा खंगर साचलाय.

एका म्हाताऱ्या लोहारकाकांनी शेड पाहिली आणि पहिल्यांदा विचारलं, इतका उजेड कायले ठेवला? मग म्हणाले, "उजेडात लोखंड खोटं बोलते, भाऊ." मी पश्चिमेला गोणपाट लावलं. त्या काळोखात जे दिसलं त्यासाठी हा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागला तरी करीन. साडेपाचशे-सहाशे अंशांना लोखंड अंधारात जेमतेम तांबूस होतं. साडेसातशेच्या पुढे ते लालभडक होतं, आणि 770च्या आसपास लोहचुंबक त्याला ओळखेनासं होतं. हजारच्या जवळ केशरी, मग पिवळं, आणि तेराशेच्या सुमारास पांढरं, जिथे दोन तुकडे ठोकून एक करता येतात. घडवण्याचा खरा काळ केशरीचा. तेवढ्या वेळात लोखंड ओल्या मातीसारखं ऐकतं. मग रंग उतरतो आणि हातोड्याला मनगटातून उत्तर येतं, की आता पुरे, परत आगीत.

नागपूरजवळ पेंच नदीकाठी नायकुंड नावाचं गाव आहे. तिथल्या उत्खननात शिलावर्तुळं रचणाऱ्या महाश्मयुगीन लोकांची लोखंड गाळायची भट्टी सापडली: मातीच्या वक्र विटांची, गोल, लहानशी, सोबत हवेच्या नळ्या आणि कीट. ती खनिजातून लोखंड काढायची, माझी आयतं लोखंड तापवते. तरी माती, नळी आणि वारा हे तिघं तेच. माहुरझरीला याच लोकांनी आपल्या मृतांजवळ कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्यांचे लगाम ठेवले होते. उत्तरेला मंडल्याकडे गेलं की आगरिया भेटतात. व्हेरिअर एल्विननं 1942 साली त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्यात लोखंडाचा लोहासुर, कोळशाचा कोयलासुर आणि आगीचा अगियासुर असे वेगळे देव, आणि भाते पायांनी चालायचे. भट्टीसमोर बसल्यावर तिघांना तीन नावं देणं मला अगदी रास्त वाटतं. तिघांचे स्वभाव वेगळे असतात.

सगळ्यात अवघड काम पाणी देण्याचं. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात अर्ध्या टक्क्याहून जास्त कार्बन असतो. त्याचं खुरपं उत्तम होतं. लाल तापवून बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ. मग पातं घासून चकचकीत करायचं आणि पाठीकडून हलकेच तापवायचं. रंग धारेकडे चालत येतात: सव्वादोनशे अंशांना फिका पिवळा, अडीचशेच्या पुढे तपकिरी, मग जांभळा, तीनशेजवळ निळा. खुरप्याला दगड लागणारच. पिवळ्यावर थांबवलं तर धार तुटते, निळ्याच्या फार पुढे गेलं तर मुडपते. जांभळा निळ्याला भेटतो तिथे बुडवायचं. त्या क्षणी माझ्याशी कोणी बोललेलं मला चालत नाही.

जाड कामाला मात्र दोन माणसं लागतात. लोहाराचा छोटा हातोडा फक्त जागा दाखवतो, घाव घणाचा असतो. रस्त्याकडेला पाल ठोकून बसणाऱ्या घिसाड्यांमध्ये तो घण बहुतेक घरची बाई उचलते. डोईवरून येणारा तो घाव नवऱ्यानं दाखवलेल्या खुणेवरच पडतो, आणि त्या कौशल्याचं नाव कोणी घेत नाही. अशाच एका ताईंना मी माझा घण दाखवला. त्यांनी तो दोनदा झोकून पाहिला आणि म्हणाल्या, लोखंड चांगलं आहे, दांडा बदला. लाकडाचा झटका खांद्यात जातो, भरीव बांबूचा घाला. मी आता गडचिरोलीकडचा मानवेल शोधतो आहे. त्याच्या बुडाकडच्या पेरांत पोकळी जवळजवळ नसते. दांडा किती लांब ठेवायचा, ते त्याच सांगणार आहेत.