जन्माआधीचे दात

बाळाचे वरचे दात आधी आले तर ते मामाला जड, असे सिद्धेश्वर धरणाच्या परिसरातील आम्ही मंडळी अजूनही मानतो. भाऊ तिचाच, आणि बोलही तिलाच! वस्तुतः दुधाच्या दातांचे अंकुर गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यातच धरू लागतात. चौथ्या महिन्यात त्यांत कॅल्शियम साठू लागते. सोनोग्राफीत जबड्यातील हे अंकुर दिसू शकतात. ओठ दुभंगलेला असल्यास डॉक्टर ते मुद्दाम न्याहाळतात. गर्भलिंग विचारण्याची वाट कायद्याने बंद केली (महाराष्ट्राने तर १९८८ सालीच), हे उत्तमच झाले. आमच्या घरातील सुनांना मात्र दातांचेच विचारायचे असते. वरचे आधी उगवतील की खालचे, हे त्या पडद्यावर उमटत नाही. बाळ सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत भावाची धास्ती त्या उराशी बाळगतात.