पेरणीयंत्र घेताय? आधी पिशव्या बांधा

ट्रॅक्टर दारात आला की पाठोपाठ पेरणीयंत्राचा विषय निघतोच. फिरत्या चकतीने बी-खत फेकणारे यंत्र झटपट खरे, पण सोयाबीनला ते कामाचे नाही. बी उघड्यावर पडते, पाखरे वेचतात आणि ओळच नसल्याने कोळपे चालत नाही. म्हणून मी ओळीत, 3 ते 5 सेंटिमीटर खोल पेरणारे यंत्र निवडले. खत बियाच्या बाजूला आणि जरा खाली पडते ना, तेही पाहिले. खत बियाला लागले तर कोंब जळतो. सोयाबीनची साल नाजूक, म्हणून पेटी तिरप्या चकतीची घेतली.

आमच्या तिफणीच्या चाड्यावर आईची मूठ असे. तिला मोजमाप लागत नसे, यंत्राला लागते. नळ्यांना पिशव्या बांधा आणि यंत्र 100 मीटर चालवा. ओळींत 45 सेंटिमीटर अंतर आणि एकरी 30 किलो बियाणे धरले, तर प्रत्येक पिशवीत सुमारे 335 ग्रॅम भरायला हवे. एका पिशवीत कमी, दुसरीत जास्त भरले, तर पैसे देऊ नका. हंगामात पेरणी फसली, की ना बी उरते ना ओल.